गाडीतळावरची निवेदिका

तुमच्या शाळेसाठी तुम्ही केलेला वंशवृक्ष तुमच्या आईने मला पाठवला. छान झाला आहे. पणजोबांचं जन्मसाल चुकलं आहे, ते मी वेगळ्या कागदावर दुरुस्त करून पाठवते आहे. माझ्या चौकटीत तुम्ही लिहिलं आहे की आजी रेडिओवर निवेदिका होती आणि लोकप्रिय गाण्यांच्या इतिहासाची अभ्यासक होती. हे खोटं नाही. पण ते कोणत्या क्रमाने घडलं हे कळलं नाही तर तुमच्या वर्गशिक्षिकेचा गैरसमज होईल, म्हणून हे लिहिते आहे. आई वाचून दाखवील. तिला अडलेले शब्द तिने मला फोनवर विचारावेत, अंदाजाने सांगू नयेत.

नगरच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. शेवटच्या वर्षाला असताना पुण्याच्या रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेले होते. निवेदिका व्हायचं एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. आरशासमोर वाचून वाचून मी उतारा पाठ केला होता. तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं : ‘उच्चार निर्दोष. मात्र समोर कोणी ऐकत आहे असे बोलण्यावरून वाटत नाही.’ मी ते पत्र फाइलला लावलं. लग्न झाल्यावर माहेरून आणलेल्या सामानात ती फाइल होती. तुमच्या आजोबांनी ती उघडून पाहिली.

“समोर कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नव्हतं. काच होती.”

“मग बरोबरच लिहिलंय त्यांनी,” ते म्हणाले आणि फाइल जागेवर ठेवली. ते केमिस्ट होते. समोर जे आहे तेवढंच ते लिहून घेत.

त्यांची नोकरी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होती. कारखाना कोणता ते लिहीत नाही. सोनईपासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर होता एवढं पुरे. दिवाळीनंतर गळिताचा हंगाम सुरू झाला की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. नवरा, बायको, कोयता, भांडीकुंडी आणि बैलगाडी. तोडलेला ऊस गाडीत भरून ती माणसं कारखान्यावर यायची आणि गाडीतळावर थांबायची. गाडीतळ म्हणजे कारखान्यासमोरचं मोठं मैदान. तिथे शे-दीडशे गाड्या एकामागे एक रांगा लावून उभ्या असत. नंबर पुकारला की गाडी पुढे काट्यावर जायची, म्हणजे वजनाच्या फळीवर. तिथून गव्हाणीकडे. गव्हाण म्हणजे यंत्रात जाण्याआधी ऊस टाकतात तो, तळाशी साखळ्यांचा पट्टा फिरत असलेला लांबलचक खड्डा. ती कधीही रिकामी पडता कामा नये. ऊस नाही आणि यंत्र फिरतंय, याला कारखान्यात ‘नो केन’ म्हणत. एरवी एकही इंग्रजी शब्द न बोलणारी माणसं हे दोन शब्द दबक्या आवाजात, घरात कोणी आजारी असल्यासारखे उच्चारत.

नंबर पुकारण्यासाठी एक कारकून होता. त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा असे. तो नंबर कमी आणि गाडीवानांचे पूर्वज जास्त पुकारायचा. गाडीवानही उत्तर देत. एकदा त्याच्या टोपीतून चाबूक आरपार गेला. टोपी आत डोकं नसताना खुंटीवर होती, पण कारकुनाने तो इशारा समजून रजा घेतली.

तेव्हा चेअरमननी तुमच्या आजोबांना बोलावलं. चेअरमन मोठे बागाईतदार होते, शाळा चौथी, पण मुंबईला अनेकदा जाऊन आलेले.

“सायेब, तुमच्या मंडळी बी.ए. हायेत म्हनं.”

“हो.”

“मुंबईच्या ठेसनात एक बाई बोलती बघा, कुठली गाडी कुठं लागनार ते. एवढी गर्दी, पन तिच्यासंगं कुनी भांडत न्हाई. आपल्याकडं बी गाड्याच हायेत. तशी बाई पायजे. आन् मधी मधी रेडिवोवानी गानी लावायची.”

गाण्यांची सोय होती. पहिल्या मोळीच्या पूजेसाठी कारखान्याने ग्रामोफोन, कर्णे आणि दोन खोकी तबकड्या घेतल्या होत्या. पूजा झाल्यावर त्या तशाच पडून होत्या. अशा रीतीने दुपारी दोन ते पाच या वेळात मी गाडीतळाची निवेदिका झाले. एकाहत्तर-बाहत्तरचा हंगाम होता. मला एक खोली मिळाली, खिडकी काट्याकडे, आणि माईक मिळाला.

माईकबरोबर कारखान्याचा वायरमन मिळाला. चाळिशीचा, अतिशय हुशार, शनिशिंगणापूरचा. तुम्हाला माहीत आहे, त्या गावात घरांना दारं लावत नाहीत. शनिदेव राखण करतो, चोरी होत नाही, असा तिथला विश्वास. वायरमन नोकरीसाठी गाव सोडून आला होता, पण दाराविषयीचं त्याचं मत त्याने बरोबर आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून त्याचं बाक केलं. दुसऱ्या दिवशी तबकड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं काढली आणि त्यांचे फळे करून त्यावर ग्रामोफोन ठेवला.

“कपाटाला दार आणि दाराला कुलूप असलं पाहिजे,” मी म्हटलं.

“कशापायी बाई? कोन नेतंय?”

“कोणी नेत नाही. पण पद्धत असते.”

“आमच्यात न्हाई ती पद्धत,” तो म्हणाला. “आन् इथं बी पाच वरसं झाली, एक खिळा गेला न्हाई.”

मी दोनदा लेखी अर्ज केला. अर्जावर चेअरमननी शेरा मारला, ‘वायरमनशी बोलावे.’

तर पहिल्या दुपारी मी एक तबकडी निवडली. ती क्लॅरिनेटची होती, शब्द नसलेली. नंबर वाचताना शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून ती घेतली. तिच्यावरचा कागद पाणी लागून निघून गेला होता, त्यामुळे गाणं कुठलं, वाजवणारा कोण, काहीच कळत नव्हतं. गव्हाणीत जागा झाली की गव्हाणीवरचा माणूस मला हात करी. मी ती तबकडी अर्धा मिनिट लावी, मग दहा गाड्यांचे नंबर वाची. दुपारी तीन-चार वेळा, रोज. इतर पाळ्यांत मी नसे, तेव्हा वायरमन तबकडी लावी आणि नंबर काट्यावरचा माणूस वाची. लोक त्याला ‘काट्याचं गाणं’ म्हणू लागले.

तीन आठवड्यांनी एक म्हातारा गाडीवान खिडकीशी आला. पाथर्डीच्या पलीकडचा, पांढऱ्या बैलजोडीचा मालक.

“बाई, तुमी नंबर वाचता त्ये लई छान वाचता,” तो म्हणाला.

“आभारी आहे.”

“पन आता नका वाचू.”

“का?”

“गानं लागलं की बैल उठत्यात आन् आपसुक जू घेत्यात. पुढच्या धा गाड्या आपल्याआपन काट्यावर जात्यात. तुमी नंबर वाचला की आमाला जाग येती.”

मी खिडकीतून पाहिलं. खरं होतं. गाणं लागलं की रवंथ करत बसलेल्या जोड्या उठत, जुवाखाली माना देत आणि पुढच्या रांगेतल्या गाड्या निघत. गाडीवान उसावर आडवे, तोंडावर फेटा. गाणं थांबलं की बैल थांबत. मी हे घरी सांगितलं.

“म्हणजे तुझे निम्मे श्रोते रवंथ करतात,” आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने हिशोब करून म्हणाले, “निम्मे नाही. दोनतृतीयांश. एका गाडीला बैल दोन आणि माणूस एक.”

मी नंबर वाचत राहिले. नेमून दिलेलं काम होतं.

गाण्यांच्या इतिहासाचं असं झालं. रेडिओवर निवेदक गाण्याआधी चार शब्द सांगत, म्हणून मीही तबकडीवर छापलेली माहिती वाची. गायिका कोण, संगीत कोणाचं. कोणी लक्ष देत नसे. एके दिवशी मी प्रामाणिकपणे सांगितलं, “पुढचं गाणं कोणत्या साली आलं ते मला कळू शकलेलं नाही.” तर गाणं संपायच्या आत खिडकीशी सात माणसं.

“बाई, हे आमच्या धाकल्या चुलत्याच्या लग्नात वाजलं हुतं. मांडव पडला तवा.”

“मांडव पडला त्ये थोरल्याच्या लग्नात. धाकल्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला.”

“घोडं ह्या गान्याला बिचकलं म्हनून तर पडला.”

तेव्हापासून मी कार्डं करायला घेतली. प्रत्येक गाण्याला एक कार्ड. त्यावर रकाने आखले : कोणाच्या लग्नात वाजलं, कोणत्या गावी, सांगणारा कोण, आणि त्या वेळी काय बिघडलं. हा शेवटचा रकाना मी आधी आखला नव्हता. पण सगळी माहिती तिकडेच जायला लागली, कारण जिथे काही बिघडलं नाही त्या लग्नातलं गाणं कोणालाच आठवत नसे. सव्वादोनशे कार्डं झाली. दोन माणसांचं सांगणं जुळलं तरच मी शाईने लिही, नाहीतर पेन्सिलीने. बरंचसं पेन्सिलीने आहे.

महिन्यातून एकदा आजोबा लॅबच्या काचसामानासाठी नगरला जात, तेव्हा मीही जाई. तिथे बाजारात एका चाचांचं दुकान होतं. ते तबकड्या विकत आणि बँडची वाद्यं दुरुस्त करत. तरुणपणी ते स्वतः लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. मी त्यांना काट्याचं गाणं गुणगुणून दाखवलं.

“हे कुठे ऐकलं तुम्ही?” चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

“कारखान्यावर. कोणाचं आहे?”

“कोणाचं ते अल्लाला माहीत. पण नगरात ते मी आणलं.” मग त्यांनी सांगितलं ते असं. भिंगारला एक लग्न होतं. त्यांचा बँड नवीन, एकच गाणं नीट बसलेलं. वऱ्हाड बैलगाड्यांनी निघणार, तर नवरीकडच्यांचं मानपानावरून बिनसलं. तीन तास गाड्या जुंपून उभ्या. “मास्तर म्हणाला, वाजवणं थांबवलं तर लोक भांडतील. तीन तास एकच गाणं वाजवलं, बाई. तोंड सुजलं माझं. शेवटी दोन्ही बाजूंनी हात जोडले, म्हणाले निघतो, पण हे थांबवा. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात वऱ्हाड हलेना झालं की हे वाजवायचे.”

मी म्हाताऱ्या गाडीवानाला विचारलं. त्याने मान हलवली. “व्हय. वऱ्हाडाच्या गाड्या ह्येच्यावरच निघायच्या. बैलाला ठावं हाय.” त्याची आताची जोडी तेव्हा जन्मलीही नव्हती, हे मी निदर्शनास आणलं. “त्येंच्या बापाला ठावं हुतं,” तो म्हणाला. मी हे पेन्सिलीने लिहिलं.

फेब्रुवारी संपता संपता चेअरमनना पुण्याहून पत्र आलं. रेडिओ केंद्राचे शेतकरी कार्यक्रमाचे अधिकारी कारखान्यावर येणार होते, ध्वनिमुद्रण करायला. चेअरमननी उलट टपाली कळवलं की आमच्याकडे आमचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे. त्यावर अधिकाऱ्यांनी लिहिलं की कार्यक्रमासाठी त्यांना स्त्रीचा आवाज हवाच होता, तेव्हा संबंधित बाईंनी पाच मिनिटांचं भाषण तयार ठेवावं, योग्य वाटल्यास बोलावू.

ते पत्र चेअरमननी माझ्या हातात दिलं, आणि मी कित्येक दिवस दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. पण ती जुनी फाइल माझ्या ट्रंकेत होती आणि त्या कागदावरचं वाक्य मला पाठ होतं. पुन्हा संधी मिळेल असं मी धरलंच नव्हतं. मी काट्याच्या गाण्याचा इतिहास हा विषय घेतला. पाच मिनिटांचं भाषण, घड्याळ लावून. शाईने लिहिलेलंच त्यात घेतलं, गाडीवानाच्या जोडीच्या बापाचं वगळलं. आजोबांना वाचून दाखवलं.

“चार मिनिटं पन्नास सेकंद,” ते म्हणाले.

“आणि वाटतं का, की समोर कोणी ऐकतंय?”

त्यांनी खरं उत्तर द्यावं की नाही याचा विचार केला. “मी समोर बसलोय, त्यामुळे मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले.

पाहुणे येण्याआधी दोन दिवस यंत्रांच्या साफसफाईसाठी गाळप बंद ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर पहिली गाडी काट्यावर जाईल, पाहुणे गव्हाणीत मोळी टाकतील, असा बेत. दोन दिवस मी खोलीत गेले नाही, भाषणच घोकत होते. वायरमनही कर्ण्यांना रंग देण्यात गुंतला होता. काट्याची तबकडी कपाटाच्या वरच्या फळीवर होती. कपाट पश्चिमेला तोंड करून. त्याला दार नव्हतं, खोलीलाही नव्हतं.

त्या दिवशी चेअरमननी गाडीतळावर सगळ्यांना गोळा केलं.

“आज आपला आवाज रेडिवोवर जानार. म्हनून सांगतो, यंत्र आत टेप करतंय, त्येला सगळं ऐकू येतं. आज एक शिवी ऐकू आली न पायजे. चाबूक न्हाई, ओरडनं न्हाई, बैलाला काय बोलायचं त्ये मनातल्या मनात बोला.”

“मनातल्या मनात बैलाला कसं कळनार?” म्हाताऱ्याने विचारलं.

“बाईंचं गानं हाय की,” चेअरमन म्हणाले.

अधिकारी जीपने आले. सभ्य, बारीक चणीचे, कानाला यंत्राची टोपी लावून आलेलं काहीही ऐकायला तयार. माझ्या खोलीच्या बाकावर, म्हणजे माझ्या दारावर, त्यांनी टेप ठेवली. मी भाषणाचं कार्ड समोर उभं केलं.

“आधी तुमचं नेहमीचं काम करा बाई, गाड्या सोडा. ते घेतो. मग तुमचं भाषण,” ते म्हणाले.

मी तबकडी काढली. ती पापडासारखी वर-खाली झाली होती. मी वायरमनकडे पाहिलं. त्याने तबकडीकडे, कपाटाकडे आणि मग सूर्याकडे पाहिलं.

“ऊन आत आलं जनू,” तो म्हणाला.

“जनू,” मी म्हटलं.

दुसरी तबकडी लावायला वेळ नव्हता आणि दुसरी लावून उपयोगही नव्हता. तीच लावली. सुई वर चढे, खाली उतरे आणि एक वळसा मागे जाई. दोन सूर पुढे, पुन्हा तेच दोन सूर. बाहेर जोड्या उठल्या. पहिली गाडी दोन पावलं पुढे आली आणि थांबली. पुन्हा दोन पावलं टाकावीत की काय, असा बैलांनी विचार केला. दुसरी गाडी पहिलीला टेकली. मग बैल, मला वाटतं, कंटाळले. पांढऱ्या जोडीतला डावा बैल जुवासकट खाली बसला आणि त्याचं पाहून इतर.

मी सुई उचलली. गाडीवान उतरले. शिवी देता येत नाही आणि चाबूक नाही, त्यामुळे त्यांना काय करावं कळेना. चाळीस-पन्नास माणसं शेपट्या, कासरे आणि शिंगं धरून, ओठ घट्ट मिटून, बैलांना ढकलत होती. एकाने बैलाच्या कानात काहीतरी सांगितलं, तर चेअरमन ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे धावले. एवढं मोठं मैदान आणि कसलाही आवाज नाही. अधिकारी कानावरची टोपी दाबून धरून म्हणाले, “काही येत नाहीये.”

आतमध्ये यंत्र सुरू झालं होतं, आणि त्या शांततेत गव्हाण रिकामी फिरत असल्याचा आवाज मात्र सगळीकडे ऐकू येत होता. आजोबा लॅबमधून पांढऱ्या कोटातच आले. दार नसलेल्या दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “नो केन.”

“बाई, कायतरी करा,” चेअरमन म्हणाले.

“तुमाला येतं की ते गानं,” वायरमन म्हणाला. “कार्डं लिवताना सारखं तोंडात असतं तुमच्या.”

मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. टेप फिरत होती. माझ्यासमोर चार मिनिटं पन्नास सेकंदांचं भाषण उभं होतं, सुवाच्य अक्षरात, विरामचिन्हांसह. आणि मी, नगरच्या कॉलेजची इंग्रजीची पदवीधर, माईकजवळ तोंड नेऊन क्लॅरिनेट झाले. शब्द नव्हतेच. पीं-पीं-पिपिपीं असं काहीतरी होतं. जास्त वर्णन करत नाही.

पांढरा बैल उठला. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, बहुतेक आवाज कोणाचा ते बघायला, आणि मान खाली घालून निघाला. मागून दुसरी जोडी, तिसरी. मी श्वास घ्यायला थांबले तर सगळी रांग थांबली. म्हणून मी थांबले नाही. वायरमन मला खिडकीतून बोटांनी गाड्या मोजून दाखवत होता. दहा झाल्या, वीस झाल्या. पाहुणे मोळी टाकायला जायचं विसरले. गव्हाण भरल्याचा हात आला तेव्हा माझा ओठ चाचांसारखा सुजला होता.

मी पाणी प्यायले, पदर नीट केला आणि कार्ड हातात घेतलं.

“आता भाषण,” मी म्हटलं.

अधिकाऱ्यांनी टेपकडे पाहिलं. रीळ सुटून टोक गरगर फिरत होतं.

“टेप संपली, बाई.”

“पाचच मिनिटं आहेत.”

“एकच रीळ उरलं होतं,” ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. जीपमध्ये बसताना त्यांनी भाषणाचं कार्ड मागून घेतलं, वाचलं आणि खिशात ठेवलं. ते सौजन्यच होतं, असं मी धरून चालले.

मार्चच्या शेवटापर्यंत मी घरी त्याबद्दल बोलले नाही. वायरमनने कपाटाला गोणपाटाचा पडदा लावला. दार नव्हेच, पडदा, असं त्याने मला समजावलं. नवी तबकडी चाचांकडे नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः क्लॅरिनेटवर ते गाणं वाजवून टेपवर घेतलं आणि ती टेप वाजवायच्या यंत्रासकट पाठवली. बैलांनी ते चालवून घेतलं.

मग पत्र आलं. करारपत्राचा छापील फॉर्म होता. कलाकाराचं नाव, पत्ता, आणि ‘विषय’ या ओळीपुढे कोणीतरी हाताने लिहिलं होतं, ‘जनावरे (संगीतासह)’. येत्या शनिवारी संध्याकाळी शेतकरी कार्यक्रमात कारखान्याचं ध्वनिमुद्रण वाजेल, त्यानंतर मी पाच मिनिटं थेट बोलायचं. खाली त्या अधिकाऱ्यांची स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ होती : ‘ऐकणारे उठून चालू लागतात असे निवेदन मी पूर्वी पाहिलेले नाही.’ मी ते पत्र जुन्या पत्राच्या वर लावलं. तारखेप्रमाणे खाली लागायला हवं होतं, पण तेवढं मी केलं.

शनिवारी मी एस.टी.ने पुण्याला गेले. तीच काच होती. पलीकडे एक माणूस पाठ करून चहा पीत होता. पण आता मला अडचण नव्हती. पांढऱ्या जोडीतला डावा बैल काचेपलीकडे बसला आहे आणि त्याला उठायचं नाही, असं धरून मी बोलले. त्यानंतर त्या कार्यक्रमात मी महिन्यातून दोनदा जाऊ लागले. दोन वर्षं खुरांचे रोग, गोचिडी आणि लसी यांविषयी बोलले. मग तिथल्या कोणीतरी माझी कार्डं पाहिली आणि लग्नातल्या गाण्यांवर स्वतंत्र कार्यक्रम दिला. म्हणून तुमच्या वंशवृक्षातली चौकट बरोबर आहे. मात्र ‘जनावरे’ हा शब्द आधी यायला हवा.

त्या पहिल्या शनिवारनंतर आठवडाभर मी पुण्यालाच माझ्या मामांकडे राहिले. बुधवारी आजोबांचं पोस्टकार्ड आलं. ते मी जपून ठेवलं आहे, तुमच्यासाठी उतरवते :

‘१. आवाज स्वच्छ ऐकू आला. सर्वांना ऐकायचे होते म्हणून वायरमनने रेडिओ माईकसमोर ठेवून तो गाडीतळाच्या सर्व कर्ण्यांवर लावला होता.

२. कार्यक्रम तुझ्या गुणगुणण्यानेच सुरू झाला. असे होईल याची कोणालाच कल्पना नव्हती.

३. तळावरच्या सर्व गाड्या काट्याकडे निघाल्या. काटा त्या वेळी बंद होता. तीन गाड्या एकाच वेळी फळीवर चढल्या. दोन जोड्या चेअरमनच्या अंगणात सापडल्या. शिव्या पुष्कळ झाल्या, पण त्या रेडिओवर जाण्याचा संभव नव्हता.

४. तुझे भाषण कोणी ऐकले नाही, कारण सगळे बैलांमागे गेले होते. मी लॅबच्या पायरीवर बसून पूर्ण ऐकले. चार मिनिटे बावन्न सेकंद. समोर कोणीतरी आहे असे वाटले.

५. पुढचा कार्यक्रम कधी आहे ते आधी कळवावे, म्हणजे काट्यावर माणूस ठेवता येईल.’